सिम लिमची वारी

सिंगापूरला येणारे पाहुणे ऑर्चर्ड रोड, सेंटोसा आणि मुस्तफा अशी त्रिस्थळी यात्रा आटोपून परत जातात. आम्ही गाण्याबजावण्यातली मंडळी मात्र त्यांना मुस्तफाहून आणखी पंधरा मिनिटं चालवतो आणि जालान बसारच्या टोकाला, सिम लिम टॉवरपाशी नेऊन उभं करतो. "इथे काय आहे बघण्यासारखं?" हा प्रश्न ठरलेला!

टॉवरमध्ये आहेत वायरी, स्विच, सोल्डरिंगचं सामान आणि हाताने फिरवायची गोल बटणं. रस्त्यापलीकडे सिम लिम स्क्वेअर, तिथे कॉम्प्युटरचं राज्य. ध्वनिमुद्रणातले दोन पंथ असे समोरासमोर! अॅनालॉगवाले म्हणतात, आवाज खऱ्या यंत्रातून गेला की त्याला ऊब येते. डिजिटलवाले म्हणतात, सगळं कॉम्प्युटरवर होतं, मग हे लोखंड कशाला?

सिंगापूरने हा वाद फार लवकर मिटवला होता, बरं का! माऊथ ऑर्गनचे शौकीन सिम वाँग हू यांनी 1981 मध्ये क्रिएटिव्ह ही कंपनी काढली, ती चायनाटाउनमधल्या पर्ल्स सेंटरमधल्या एका छोट्या दुकानात. 1989 मध्ये त्यांचं साउंड ब्लास्टर कार्ड आलं. पुढे 1991 च्या साउंड ब्लास्टर प्रोमध्ये मिक्सरची चिप होती. आवाज जायचा अॅनालॉग वाटेनेच, पण तो किती मोठा ठेवायचा हे कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम सांगायचा. सिम 2023 मध्ये गेले, पण ही युक्ती आज मोठ्या स्टुडिओतही दिसते.

आता आमचं दुखणं ऐका. गणेशोत्सवासाठी मुलांची गाणी बसवायची तर सगळे जमणार फक्त रविवारी. आवाज एकदम चढला की त्याला आवरणारं यंत्र, म्हणजे कॉम्प्रेसर, मोठ्या कष्टाने जुळवावा, तर पुढच्या रविवारपर्यंत बटणं कोणीतरी हलवलेली! तंबोऱ्याच्या जवारीसारखंच हे. दोरा एक केसभर सरकला की कालचा नाद आज नाही. आणि निम्मं गाणं एका आवाजात, निम्मं दुसऱ्यात असं कसं चालेल?

पोलंडच्या बेटरमेकर, वेस ऑडिओ वगैरे कंपन्यांची यंत्रं इथे कामाला येतात. आतलं सर्किट खरं अॅनालॉग. पण त्याची बटणं पडद्यावर प्लग-इनच्या रूपात दिसतात आणि गाण्याच्या फाइलबरोबर जपली जातात. आठवड्याने फाइल उघडली की यंत्र आपोआप पहिल्या जागेवर!

अडचणी आहेतच. प्लग-इन एकाच गाण्यात वीस ठिकाणी लावता येतो. यंत्र एक असेल तर एका वेळी एकच आवाज त्यातून जाणार. पाच मिनिटांचं गाणं त्यातून फिरवून परत आणायला पाच मिनिटंच लागतात. किंमतही हजारांत असते आणि हा माल सिम लिममध्ये नव्हे, स्टुडिओचं सामान विकणाऱ्यांकडून मागवावा लागतो.

मोठी काळजी वेगळीच. टॉवरच्या शेजारीच संगेई रोडचा जुना बाजार भरायचा. तो 10 जुलै 2017 ला कायमचा उठला. तिथल्या सतरंजीवर वर्षानुवर्षांचे रेडिओ आणि कॅसेट प्लेअर मांडलेले असत. असं जुनं यंत्र सोल्डर मारून पुन्हा बोलतं करता येतं. प्लग-इनचं तसं नाही. कंपनीने तो नव्या कॉम्प्युटरसाठी सुधारला नाही, तर धडधाकट यंत्रही मुकं होऊन बसेल.

म्हणून आमचं मत असं: स्मरणशक्ती कॉम्प्युटरची घ्यावी, पण जीव यंत्राचा यंत्रातच असावा. आज गाणारी आपली मुलं उद्या त्याच यंत्रावर आपल्या मुलांची गाणी मुद्रित करतील, अशी आशा ठेवायला काय हरकत आहे? तेव्हा मंडळी, किंमत विचारण्याआधी दुकानदाराला एकच विचारा: "कॉम्प्युटर बंद केला, तर हे बटण हाताने चालतं का?"