गावठाण नसलेली गावे : नीरा डाव्या कालव्याकाठच्या वस्त्या आणि मळे

बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील लोकवस्तीचा विचार करताना गाव, वाडी, वस्ती आणि मळा या चार शब्दांतील भेद आधी स्पष्ट करावा लागतो, कारण बोलण्यात ते एकमेकांच्या जागी येत असले तरी सरकारी दप्तरात त्यांचे स्थान सारखे नाही. ज्याच्या सीमा मोजलेल्या आहेत आणि ज्याचे जमिनीचे दप्तर स्वतंत्र आहे ते महसुली गाव होय, तर त्या गावाच्या जमिनीपैकी राहण्यासाठी राखलेल्या भागाला गावठाण म्हणतात. वाडी म्हणजे मूळ गावापासून सुटून वसलेली घरे, त्यांपैकी काहींना पुढे स्वतंत्र गावाचा दर्जा मिळाला. वस्ती ही त्याहून लहान असते, एखाद्या भावकीने रानातच घरे बांधल्यामुळे ती तयार होते आणि तिला बहुधा त्या भावकीचेच आडनाव मिळते. मळा हा शब्द एरवी बागायती शेताचा वाचक असला, तरी या भागात तो साखर कंपनीच्या विस्तीर्ण शेतीसाठी आणि तेथील कामगारांच्या वसाहतीसाठीही रूढ आहे.

ही रचना पाण्याने घडवली. 1876 ते 1878 च्या दुष्काळानंतर पुण्याच्या पूर्वेकडील अवर्षणप्रवण पट्ट्यासाठी नीरा डावा कालवा खोदण्यात आला आणि 1885 च्या सुमारास त्यातून सिंचन सुरू झाले. त्याला पाणी पुरवण्यासाठी भोरजवळ भाटघरचे धरण बांधले गेले. कालव्यापूर्वी जिरायत शेती कसणारा शेतकरी गावठाणात राहून रानात ये-जा करू शकत होता, पण उसाला रात्री-अपरात्री पाणी द्यावे लागते, गुऱ्हाळ लागले की दिवसरात्र चुलाण पेटते ठेवावे लागते आणि बैलांना चारा शेतातच असतो, म्हणून कुटुंबे हळूहळू रानात राहायला गेली. सासवडकडील माळी समाजातील बागाईतदार याच काळात उसासाठी कालव्याच्या पट्ट्यात आले आणि त्यांच्यामुळे उसाच्या लागवडीचे व गुळाचे कसब या भागात रुजले.

अशा वस्तीला ग्रामपंचायत नसली तरी तिच्यात संस्था नव्हत्या असे म्हणता येत नाही. तिची पहिली संस्था चारी, म्हणजे कालव्यातून निघणारा लहान पाट होय. तिच्यावरच्या शेतकऱ्यांनी नमुना सातवर पाणीअर्ज करायचा आणि शेजपाळीने, म्हणजे शेजारी-शेजारी ठरलेल्या क्रमाने, पाणी घ्यायचे असा नियम असून, त्याची अंमलबजावणी पाटकऱ्याइतकीच शेजाऱ्यांच्या परस्परांवरील लक्षावर अवलंबून असते. दुसरी संस्था विविध कार्यकारी सोसायटी, जिच्याकडून पीककर्ज मिळते. तिसरी दूध संकलन केंद्र, जेथे सकाळ-संध्याकाळ सगळ्या वस्त्यांची माणसे एकत्र येत असल्याने चावडीचे कामही होऊन जाते. माळेगाव, सोमेश्वर आणि भवानीनगरचा छत्रपती या सहकारी साखर कारखान्यांचे सभासदत्व हे तर या पट्ट्यातील कुटुंबांच्या प्रतिष्ठेचे चिन्ह राहिले आहे. वर्षातून एकदा तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी या मार्गाने इंदापूरकडे जाते, तेव्हा कोणत्या वस्तीने कोणत्या दिंडीला जेवण द्यायचे हे कोणत्याही ठरावाविना पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते.

प्रस्तुत लेखकाचे बालपण अशाच एका चारीलगतच्या वस्तीवर गेले, आणि या विवेचनामागे तो अनुभव आहे. शाळेच्या दाखल्यावर गावाचे नाव असे, पण त्या गावात घर नव्हते. पत्र गावातल्या दुकानात पडून राही आणि दूध घालायला गेलेला कोणी ते घेऊन येई. पावसाळ्यात काळ्या रानातून शाळेला जाणारी वाट बंद झाली की वस्तीवरच्या मुलांची शाळाही बंद होई, आणि तिची दखल कोणत्याच नोंदीत होत नसे. जिल्हा परिषदेच्या वस्तीशाळा 2000 नंतरच्या दशकात आल्या, तेव्हा त्या दोन खोल्यांचे मोल काय आहे हे ती वाट तुडवलेल्या पिढीला कोणी सांगण्याची गरज पडली नाही.

मळ्याचा इतिहास याहून निराळा आहे. वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहाने इंदापूर तालुक्यातील कळंबच्या परिसरात उसाची शेती उभारली, 1934 च्या सुमारास साखर कारखाना सुरू झाला आणि त्याभोवती वालचंदनगर वसले; कंपनीने शाळा, दवाखाना, पाणीपुरवठा व घरे बांधल्यामुळे नगरपालिकेविना नगराची सोय तेथे निर्माण झाली. या शेतीपैकी काही जमीन शेतकऱ्यांकडून दीर्घ मुदतीच्या खंडाने, म्हणजे ठरावीक वार्षिक मोबदल्यावर, घेतलेली होती आणि अशा मूळ मालकांना खंडकरी म्हणतात. 1961 च्या कमाल जमीनधारणा कायद्याने साखर कंपन्यांच्या जमिनी सरकारकडे गेल्या आणि त्या कसण्यासाठी 1963 मध्ये महाराष्ट्र राज्य शेती महामंडळ स्थापन झाले. इंदापुरातील रत्नपुरी मळा हा त्याचाच भाग. खंडकऱ्यांनी माधवराव गायकवाड यांच्यासारख्या नेत्यांसह दशकानुदशके लढा दिल्यानंतर 2012 पासून त्यांना जमिनी परत मिळू लागल्या.

या लढ्याच्या बातम्यांत मळ्यावरचा कामगार मात्र मागे राहिला. त्याच्या चाळीजवळ शाळा होती, मंदिर होते, सप्ताह होत होता, दोन-दोन पिढ्यांची लग्ने त्याच अंगणात लागली होती. परंतु अंगण महामंडळाचे होते. महामंडळाची शेती आटत गेली तशी चाळींची डागडुजी थांबली, आणि घरकुल मागायला गेलेल्या माणसाला स्वतःच्या नावावरील जागेचा उतारा विचारला गेला, जो त्याच्याकडे असणे शक्यच नव्हते. राहत्या ठिकाणी दोन गुंठे जागा मिळावी ही कामगारांची मागणी त्यामुळे केवळ घराची मागणी नाही.

वस्ती आणि मळा शेजारी ठेवून पाहिले असता एक गोष्ट ठळकपणे दिसते. वस्तीवाल्याकडे सात-बारा होता, म्हणून शाळा, रस्ता आणि वीज उशिरा का होईना त्याच्यापर्यंत आली, कारण ग्रामसभेत उभे राहून ती मागण्याइतका आधार त्याच्या पायाखाली होता. मळेकऱ्याला या सोयी आधी मिळाल्या, पण त्या मालकाने दिलेल्या होत्या आणि मालकाची गरज संपताच त्या निखळू लागल्या. ज्या कालव्याने या दोघांनाही रानात आणून वसवले, त्याचे पाणी मोजून देण्याची व्यवस्था शंभराहून अधिक वर्षे चालू आहे. मळ्यावर आयुष्य वेचलेल्यांना दोन गुंठे मोजून देणे हे त्याच व्यवस्थेचे राहिलेले काम आहे.