ठिपका बारीक होईपर्यंत

फाल्गुन अमावास्येच्या पहाटे चारला तिने भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी तिपाई रोवली, तेव्हा आग्नेयेला वृश्चिक चांगला वर आला होता. आकाशाचा फोटो काढण्याची पहिलीच वेळ. लेन्स १८ मिलिमीटरची, अ‍ॅपर्चर एफ ३.५, आयएसओ ३२००. फोकसची कडी अनंताकडे फिरेल तितकी फिरवली आणि टायमर लावून हात मागे घेतला. छोट्या पडद्यावर तारे दिसले. तासभर ती फोटो काढत राहिली.

घरी संगणकावर मोठे करून पाहिले, तर एकही तारा टोकदार नव्हता. सगळे भिजलेल्या साबुदाण्यासारखे फुगलेले.

बऱ्याच ऑटोफोकस लेन्सची कडी अनंताच्याही थोडी पुढे जाते. तापमानाने काच-धातू आकसतात, प्रसरण पावतात, म्हणून ती मोकळीक ठेवलेली असते. दिवसा हे जाणवत नाही. तारा मात्र एवढीही चूक झाकत नाही.

चैत्र अमावास्येला ती परत गेली. तारे रोज चार मिनिटे लवकर उगवतात, त्यामुळे पहाटे चारचे आकाश आता रात्री दोनलाच हजर होते. जूनमध्ये ढग आले की आकाशाचा हा भाग थेट पुढच्या वर्षावर जातो, म्हणून घाई होती. तरी पहिली वीस मिनिटे तिने फक्त फोकसला दिली, आणि माझ्या मते या कामातली तीच खरी मेहनत. ईशान्येला अभिजित झळकत होता. १८५० साली हार्वर्ड वेधशाळेत विल्यम बॉन्ड आणि जॉन व्हिपल यांनी सूर्याखेरीज ज्या ताऱ्याचा पहिला फोटो घेतला, तो हाच. लाइव्ह व्ह्यूमध्ये तो दहापट मोठा करून ती कडी केसभर पुढे, केसभर मागे करत राहिली. ठिपका बारीक झाला, आणखी बारीक झाला, मग पुन्हा फुगू लागला. ती किंचित मागे आली आणि कडीवर चिकटपट्टी लावली.

उरला वेळेचा हिशेब. फिल्मच्या काळापासूनचा ठोकताळा असा: ५०० ला फोकल लेंग्थने भागायचे. लहान सेन्सरसाठी १८ चे आधी दीडपट, म्हणजे २७. उत्तर सुमारे १८ सेकंद. पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते, म्हणून या १८ सेकंदांहून जास्त थांबले की ताऱ्यांच्या रेघा होतात. तिने १५ वर ठेवले.

शटर मिटले. पडद्यावर वृश्चिकातली ज्येष्ठा नारिंगी होती आणि धनूच्या वरच्या अंगाला एक गुलाबी डाग होता: लगून तेजोमेघ, तापलेला हायड्रोजन. तिने मान वर केली. डोळ्यांना तिथे राखाडी धूसरपणाच दिसत होता, कारण मंद उजेडात डोळा रंग ओळखत नाही. पडदा झाकून ती बराच वेळ त्याच जागेकडे बघत राहिली.