लाकडाची मासोळी

बाबांच्या उजव्या हाताची दोन बोटे २०१६ साली अकोल्यातल्या एका जिनिंगमध्ये गेली. नुकसानभरपाई म्हणून जे हाती आले, ते दवाखान्यातच सरले. आम्हां तिघा भावंडांना सलत होते ते वेगळेच. घरातले पाट, मांडण्या, आईची देव्हाऱ्याएवढी मसाल्याची पेटी स्वतःच्या हाताने करणारा हा माणूस भिंतीकडे तोंड करून बसू लागला होता. पटाशी, कानस पेटीत गंजत पडली.

ती पेटी उघडायला अमरावतीचे भाऊजी निमित्त झाले. त्यांना गळ टाकण्याची भारी हौस. दिवाळीला आले तेव्हा त्यांनी खिशातून बोटाएवढा रंगीत लाकडी मासा काढला. "मामाजी, दुकानात याचे अडीचशे घेतात. घरी नाही होणार?" बाबा काही बोलले नाहीत. पण रात्री दिव्याखाली तो मासा उलटासुलटा करून पाहताना आम्ही त्यांना पाहिले.

दुसऱ्या दिवसापासून बाबांनी सांगायचे आणि आम्ही तासायचे, असे सुरू झाले. पहिला मासा बाभळीचा केला, तो दगडासारखा बुडाला. मग काटेसावरीचा तुकडा मिळाला. काडीपेटीच्या काड्या होतात ते हेच हलके लाकूड. थोरल्याने तीन दिवस खपून मासा कोरला. बाबा म्हणाले, "हे मासोई नोहे रे, हे तं लाटनं झालं!" वर्षा-दीड वर्षात त्यांना आम्ही पहिल्यांदा हसताना पाहिले. "आन इकडे," म्हणून त्यांनी चाकू घेतला. अंगठा आणि उरलेल्या दोन बोटांत तो बसेना. मुठीला सुतळी गुंडाळून जाड केली, तेव्हा बसला.

खरी मेख कोरण्यात नाही. पोटाकडून लांबट खाच पाडून त्यात एक अखंड तार बसवायची. पुढच्या कडीला तंगूस, पोटाच्या आणि शेपटीच्या कडीला गळ. नुसता लाकडात खिळा ठोकून गळ अडकवला, तर मोठा मासा तो उपटून नेतो. पोटात शिशाचा तुकडा हवा, नाही तर मासा पाण्यात कुशीवर पडतो. तोंडाखाली तेलाच्या डब्याच्या पत्र्याची तिरकी जीभ. दोरा ओढला की पाणी या जिभेवर दाबते, मासा खाली जातो आणि अंग हलवत पोहतो. जीभ केसभर वाकडी झाली तरी तो गोल गोल फिरतो. ही सगळी परीक्षा आमच्या पाण्याच्या ड्रममध्ये. नळ रोज येत नाही, त्यामुळे आईची बोलणी वेगळी. सावर पाणीही फार पिते. आमचे पहिले दोन मासे फुगून रंगासकट तडकले. मग जवसाच्या तेलात बुडवून, आठवडाभर वाळवून, वर व्हार्निश देऊ लागलो.

फिनलंडमध्ये लाउरी रापाला नावाच्या गरीब कोळ्याने १९३६ साली असाच मासा बुचातून चपला शिवायच्या रापीने कोरला होता. वरून चॉकलेटची चांदी, आणि तिच्यावर फोटोच्या निगेटिव्ह वितळवून केलेला लेप. कळपात जो मासा वेडावाकडा पोहतो, त्याच्यावरच मोठा मासा झडप घालतो, हे त्याने पाहून ठेवले होते. आज त्याच्या नावाचे मासे जगभर विकले जातात. हे ऐकून बाबांनी धाकटीला चॉकलेटची चांदी जपून ठेवायला सांगितले.

आईला मात्र हे पटत नव्हते. पहिले शील रोज म्हणायचे आणि घरात गळ घडवायचे? ताईने तिला समजावले, की बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे. आपण मासे खातोच की. आई म्हणाली, "खाते तं मीबी. पन भाऊजीची हौस हे गरज होय काय, तेवढं सांग." ताईला उत्तर सुचले नाही. आम्हालाही नाही.

श्रावणात बार्शीटाकळीकडच्या एका तळ्यावर गेलो. धरणात संस्थेचा ठेका असतो, तिथे परस्पर गळ टाकता येत नाही; हे तळे भाऊजींच्या ओळखीचे. पाचव्या-सहाव्या फेकीला बाबांच्या माशावर मरळ तुटून पडली. चांगली हातभर. भाऊजी नाचायला लागले. बाबा पाण्याकडे पाहत होते. जिथून ती आली होती तिथे लालसर पिल्लांचा पुंजका वर-खाली करत होता. मरळ पिल्ले राखते. तिची झडप भुकेची नव्हती.

"सोड तिले," बाबा म्हणाले.

गळाची उलटी नोक जबड्यात रुतली होती. काढताना जबडा फाटला, रक्त आले. मरळ पाण्यात गेली; पिल्लांजवळ पोचली की नाही, ते गढूळ पाण्यात दिसले नाही.

परतताना एसटीत कोणी फार बोलले नाही. घरी आल्यावर बाबांनी कानस मागितली. डब्यातले सगळे गळ ओळीने मांडले आणि एकेकाची उलटी नोक घासून सपाट करायला घेतली. "अशानं मासे सुटतीन ना मामाजी," भाऊजी म्हणाले. बाबांनी मान वर केली नाही. आईने दिवा जरा जवळ सरकवून दिला.