ओळखीच्या कथेची दुसरी बाजू

कर्णाच्या बाजूने महाभारत ऐकण्याची गोडी ‘मृत्युंजय’ने मराठी वाचकाला १९६७ मध्येच लावली. तरीही आवडत्या कथेकडे तिचाच लेखक पुन्हा वळतो, तेव्हा मन साशंक होते. ऑर्सन स्कॉट कार्ड यांची ‘एंडर्स गेम’ (१९८५) ही विज्ञानकादंबरी आम्हांला प्रिय आहे, ती तिच्यातील एका अज्ञानामुळे. अंतराळातील युद्धशाळेत घडलेला एंडर हा मुलगा ज्याला सराव समजतो, ते खरे युद्ध असते. परग्रहवासीयांचा मूळ ग्रहच आपण उद्ध्वस्त केला, हे त्याला विजयानंतर कळते.

१९९९ मध्ये आलेली ‘एंडर्स शॅडो’ हाच काळ बीनच्या नजरेतून सांगते. रॉटरडॅमच्या रस्त्यांवर उपाशीपोटी वाढलेला हा चिमुरडा पहिल्या कादंबरीत एंडरचा हुशार सहकारी, एवढाच होता. येथे तो एंडरच्या आधी सत्य ओळखतो आणि गप्प राहतो.

यामुळे एंडरचे एकाकीपण काहीसे उणावते, हा आक्षेप आम्हांला मान्य आहे. परंतु एंडरला निदान अज्ञानाचा आडोसा होता. बीनला तोही नाही. आपल्या आज्ञेने पुढे जाणाऱ्या यानांत जिवंत माणसे आहेत, हे ठाऊक असूनही तो त्यांना मरणाच्या तोंडी धाडतो. जाणणाऱ्याचे हे ओझे पहिल्या पुस्तकात नव्हतेच.

त्यानंतर ‘एंडर्स गेम’ पुन्हा हाती घ्यावी, तर वाचकाचीही गत बीनसारखीच होते. शेवट ठाऊक असलेले आम्ही एंडरचा एकेक विजय पाहतो. मात्र आता त्या विजयांचा आनंद होत नाही.