डॉक्टर नसतो तेव्हा

वसमत,
२२ जून २०२५

चि. बाळास,

काल फोनवर तू म्हणालास, "मामा, नीटचं तर काही जमलं नाही, मग नेव्हीत मेडिकलला जाऊ का?" मी "बघू" म्हणून फोन ठेवला. तुला वाटलं असेल, मामानं टाळलं. खरं सांगू का, तुझा तो 'मग' मला टोचला. रात्री त्यावरच विचार करत पडून होतो. नांदेड तासाभराच्या वाटेवर आहे, पण समोर बसून मला इतकं सलग बोलता येत नाही. नोकरीत असताना आक्काला इनलँड लिहायचो, तीच सवय राहिली. म्हणून हे पत्र.

मी २००४ मध्ये भरती झालो तेव्हा समुद्र पाहिलेला नव्हता. आपल्याकडे पाणी म्हणजे विहीर, आसना नदी आणि कालव्याची पाळी. सिकंदराबादला गाडी बदलून ओडिशात पोचलो आणि चिल्का सरोवराचं पाणी बघूनच पोटात गोळा आला. आयएनएस चिल्कावर पोहता न येणाऱ्या पोरांची वेगळी रांग लागायची. त्यात मराठवाड्यातले आम्ही चौघं होतो. चौघंही पोहायला शिकलो, पण त्या पहिल्या आठवड्यात रोज रात्री वाटायचं, उद्या घरी जावं.

त्याच डिसेंबरात, २६ तारखेला, त्सुनामी आली. आम्ही शिकाऊ, आम्हाला कुठं नेणार? पण बातम्या कानावर येत होत्या. समुद्रतळाची मोजणी करणारं 'निरुपक' जहाज रुग्णालय बनवून इंडोनेशियाला गेलं, 'जमुना' श्रीलंकेला. नकाशे काढणाऱ्या जहाजाचा दवाखाना होतो, ही गोष्ट माझ्या डोक्यात रुतून बसली. शाखेची पसंती लिहून द्यायची वेळ आली तेव्हा बरोबरच्या पोरांना तोफा आणि विमानं हवी होती. मी मेडिकल लिहिलं.

पुढची शाळा मुंबईत, कुलाब्याला, 'अश्विनी'त. नौदलाच्या दवाखान्यांची नावं मला अजून तोंडपाठ आहेत आणि ती म्हणताना बरं वाटतं: मुंबईची अश्विनी, विशाखापट्टणमची कल्याणी, कोचीची संजीवनी, गोव्याची जीवंती, कारवारचं पतंजली, पोर्ट ब्लेअरचं धन्वंतरी. तिथं गेल्यावर मला वाटलं, आता सुई हातात येणार, ऑपरेशन बघायला मिळणार. पण आधी हातात आली चादर. रुग्ण अंथरुणात असताना त्याला न उठवता चादर बदलायची, आणि खालच्या चादरीला एकही सुरकुती राहता कामा नये. जो महिनाभर उताणा पडून आहे त्याच्या पाठीत ती सुरकुती घुसते आणि तिथून जखम सुरू होते, हे वॉर्डातल्या सिस्टरनं माझा हात धरून दाखवलं. मग बेडपॅन, मग अंग पुसणं, मग टीपीआर चार्ट, म्हणजे ताप, नाडी आणि श्वास. नाडी मोजताना घड्याळाकडे बघायचं, पण मन माणसाकडे ठेवायचं. इंजेक्शन, सलाईन, टाके, मलमपट्टी हे सगळं नंतर आलं आणि ते लवकर जमलंही. चादर जमायला मात्र वेळ लागला.

आता मुख्य गोष्ट. मोठ्या जहाजावर डॉक्टर असतो. लहान जहाजावर बहुतेक वेळा नसतो. तिथं मेडिकल असिस्टंट असतो, एमए म्हणतात त्याला. मी असाच एका लहान जहाजावर होतो. सिक बे, म्हणजे आमचा दवाखाना, आपल्या देवघराहून थोडा मोठा. एक बंक, एक कपाट, एक सिंक. दिवसाचं बरंचसं काम तर सिक बेच्या बाहेरचं. प्यायच्या पाण्यातलं क्लोरीन तपासायचं, गॅलीत जाऊन स्वयंपाक्याची नखं बघायची, कोल्ड रूममधलं मटण हुंगायचं, इंजिन रूममधून वर आलेल्या पोराला मीठ-साखरेचं पाणी पाजायचं. सिनेमात हे दाखवत नाहीत. पण नाविकांचं वैद्यक ताटापासूनच सुरू झालंय. १७४७ मध्ये 'सॅलिसबरी' जहाजावर जेम्स लिंड नावाच्या सर्जननं स्कर्व्हीच्या बारा रुग्णांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. ज्या दोघांना संत्री आणि लिंबू मिळालं ते दोघं सगळ्यांत आधी सावरले. तरी इंग्रजांच्या आरमारात लिंबाचा रस सरसकट द्यायचा हुकूम निघायला १७९५ उजाडलं. तोवर किती माणसं हिरड्या सुजून, रक्त गळून गेली असतील! म्हणून मी गॅलीच्या तपासणीत कधी हयगय केली नाही.

एका बाबतीत मात्र केली. ती आजवर आक्कालाही सांगितली नाही.

पावसाळ्याचे दिवस, जहाज चांगलंच हलत होतं. सकाळी एक पोरगा आला, तुझ्याच वयाचा. म्हणाला, बेंबीभोवती दुखतंय, मळमळतंय. त्या दिवशी अर्ध्या जहाजाला मळमळत होतं. मी त्याला स्टुलावर बसवलं, दोन प्रश्न विचारले, गॅसची गोळी दिली आणि पाठवून दिला. त्याला बंकवर झोपवलं नाही, पोटाला हात लावला नाही. दुपारी त्याला दोघांनी धरून आणलं तेव्हा तो कमरेत वाकलेला होता. आता दुखणं बेंबीपासून सरकून उजवीकडे खाली गेलं होतं. तिथं हळू दाबलं तर त्यानं ओठ चावला. हात चटकन उचलला तर ओरडला. अपेंडिक्स. पुस्तकात पहिल्या पानावर असतं ते.

मी कॅप्टनसाहेबांकडे गेलो. आधी सकाळची चूक सांगितली, मग दुपारचं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "बंदराकडे वळायचं?" माझं वय पंचविशीच्या आत. डॉक्टर नाही, मशीन नाही. आहे ती माझी चार बोटं आणि त्यांना जे लागलं ते. चुकीचं निघालं तर एवढं जहाज एका गॅसच्या दुखण्यासाठी माघारी फिरवलं असं होणार. मी म्हणालो, "हो, साहेब." आणि जहाज वळलं. रेलिंगला धरून उभा होतो, फेसाची ती वळणारी रेघ अजून डोळ्यांपुढे आहे.

रेडिओवर दुसऱ्या जहाजावरचे डॉक्टर बोलत होते. तोंडानं काही द्यायचं नाही, सलाईन लाव, अँटिबायोटिक दे, दर अर्ध्या तासाला नाडी लिही. मी लिहीत राहिलो. रात्रभर तो माझा हात सोडत नव्हता, म्हणून डाव्या हातानं लिहिलेल्या नोंदी आहेत त्यात. पहाटे त्याला वर काढायचं होतं. जहाजातला जिना उभा आणि झाकणाएवढं भोक. आडवं स्ट्रेचर त्यातून जात नाही. त्यासाठी नील-रॉबर्टसन स्ट्रेचर असतं. कॅनव्हासमध्ये शिवलेल्या पट्ट्या, त्यात माणसाला आजी बाळाला दुपट्यात बांधायची तसं घट्ट बांधायचं, डोक्याकडच्या कडीला दोर लावून उभाच्या उभा वर ओढायचा, पायाकडचा दोर खालून एकानं सांभाळायचा म्हणजे तो कुठं आपटत नाही. पायाकडचा दोर माझ्याकडे होता. बंदरात रुग्णवाहिका उभी होती. संध्याकाळी निरोप आला, ऑपरेशन झालं, अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं, पोरगा ठीक आहे. मी सिक बेचं दार लावून घेतलं आणि रडलो.

तेव्हापासून माझ्याकडे आलेला एकही माणूस मी स्टुलावरून परत पाठवला नाही.

आता तुझ्या आईचं. मे महिन्यात टीव्हीवर पाकिस्तानशी युद्धाच्या बातम्या लागल्यापासून आक्काला झोप नाही, आणि तू नेव्हीचं नाव काढलंस. तिची भीती खोटी नाही, तिला उडवून लावू नकोस. पण तिला एप्रिलमधली गोष्ट सांग. ओमानच्या पूर्वेला सुमारे ३५० सागरी मैलांवर 'अल ओमीदी' नावाच्या मासेमारी बोटीवर इंजिनचं काम करताना एका खलाशाच्या बोटांचा चुराडा झाला. तो पाकिस्तानी होता. मदतीची हाक ऐकून आपलं 'त्रिकंड' वळलं, जखमीला ज्या दुसऱ्या बोटीवर हलवलं होतं तिथं डॉक्टरसह पथक चढलं, भूल देऊन तीन तासांहून जास्त वेळ त्याच्या हातावर काम केलं, रक्त थांबवलं आणि बोटं वाचवली. ही तारीख आहे ४ एप्रिल २०२५. नौदलाच्या मेडिकलमध्ये काय करतात असं कुणी विचारलं तर मी हे सांगतो.

मी परत आल्यापासून आपल्याकडे लोक मला डॉक्टर म्हणतात. मी दर वेळी नाही म्हणतो. गेल्या फेब्रुवारीत हळद काढताना एका बाईच्या पायाला कुदळ लागली. कुणीतरी हळदीची पूड आणायला धावलं. मी थांबवलं. स्वच्छ पाण्यानं जखम धुतली, धुतलेलं कापड घट्ट दाबून धरलं, पाय उंच ठेवला आणि तिला सरकारी दवाखान्यात नेलं. टाके आणि धनुर्वाताचं इंजेक्शन तिथं. घरी सुई देशील का म्हणून रोज कुणीतरी विचारतं, पैसेही देऊ करतं. मी देत नाही. जहाजावर माझ्या पाठीशी रेडिओवरचा डॉक्टर होता, इथं कुणी नाही. आपली हद्द कुठं संपते हे ज्याला कळत नाही त्यानं या कामात येऊ नये, इतकं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून तुझ्या 'मग'बद्दल. एमबीबीएस हुकलं म्हणून मनाची समजूत घालायला येणार असशील तर येऊ नकोस. बेडपॅन उचलताना रोज ते आठवेल आणि रुग्णाला ते कळतं. अजून एकदा नीट द्यायची असेल तर दे, मी दाजींशी बोलेन. पण चादरीच्या सुरकुतीचं वाचताना तुला त्या पाठीचं काही वाटलं असेल, तर ये. आमच्या वेळी गणित लागायचं. आता मेडिकलसाठी वेगळी भरती निघते, त्यात भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र लागतं, एकूण ५० टक्के आणि प्रत्येक विषयात निदान ४०. ते तुझ्याकडे आहे. धावणं १.६ किलोमीटर, साडेसहा मिनिटांत. ते तुझ्याकडे नाही, उद्यापासून धावायला लाग. पुढची जाहिरात निघाली की ओळ न् ओळ वाच.

आणि पोहणं. रविवारी पहिल्या गाडीनं ये. हळदीची लागवड आटोपली आहे, मला सवड आहे. विहिरीत पुरुषभर पाणी आहे. पाठीला डबा मी बांधतो, दोर मी धरतो.

आक्काला आणि दाजींना नमस्कार सांग.

तुझा,
मामा