कथलाचा वाळा

फेरारी म्हणजे लोहार. लॅटिनमध्ये लोखंडाला ‘फेरुम’ म्हणतात. त्यावर घाव घालणारा तो ‘फेरारियुस’ आणि त्याच्या पुढच्या पिढ्या फेरारी. इटलीत हे आडनाव आपल्या शिंदे-जाधवांसारखं गल्लोगल्ली सापडतं. म्हणजे कोटींची ती लाल गाडी आडनावानं लोहाराच्याच घरची. हे कळल्यापासून सोमाटणे फाट्यावर रिक्षाची वाट बघताना एकच म्हण डोक्यात घोळते आहे: नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. इथे सगळं उलटंच. नाव लोहार, हाती सोनं.

पण ही म्हण तरी मला नीट कळली आहे का? आजीकडे कल्हईवाला यायचा. अंगणात खड्डा, भाता, फुललेले निखारे. पातेलं तापलं की नवसागराची चिमूट, पांढरा धूर, मग कथलाची कांडी टेकवून कापसाचा बोळा गरकन फिरवायचा. काळवंडलेलं पितळ आतून चांदीसारखं व्हायचं. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक कळकायचं, आमटी कळकायची. घरादाराच्या पोटाची राखण कथील करायचं. सोनं डबीत निजलेलं असायचं. मग सोनूबाईला हसायचं कशाला? की हसू वाळ्याचं नव्हतंच, नावाचं होतं? कथील वाकवलं की करकरतं, कण्हल्यासारखं. वाळा मनगटात घालताना तिनं तो आवाज ऐकला असेल. तिला बारशालाच कुणी ठकी म्हटलं असतं, तर तोच वाळा शोभून दिसला असता का?

तर आडनावं. ‘दा विंची’ म्हणजे सरळसरळ विंचीकर. गावावरून माणूस ओळखावा, हे आपल्याला समजतं. पण शेजारच्या तळेगावचं काय करायचं? खंडेराव दाभाडे १७१७ मध्ये शाहू महाराजांचे सेनापती झाले. त्या घराण्याचं ते तळेगाव दाभाडे, आणि याच जिल्ह्यात शिरूरकडचं ते तळेगाव ढमढेरे. इथे गावानंच माणसांचं आडनाव लावलं, सासरी आलेल्या मुलीसारखं. आता दाभाडे म्हटलं की आधी माणूस आठवावा की स्टेशन?

ती लाल गाडी काढणाऱ्या एन्झो फेरारीच्या वडिलांचा मोडेनात लोखंडकामाचा कारखाना होता म्हणे. म्हणजे तिथे आडनाव खोटं नव्हतं. निदान एका पिढीपुरतं नाव आणि हात जुळले होते. माझ्या आडनावाचा अर्थ मी अनेकांना ऐटीत सांगितला आहे. त्या अर्थाचं एकही काम माझ्या हातांना येत नाही. सोनूबाईला निदान वाळा होता.

फाट्याजवळ एक फॅब्रिकेशनवाला आहे. त्यानं आमचं गेट दोनदा वेल्डिंग करून दिलं. त्याचं आडनाव मी अजून विचारलेलं नाही.