रमाबाईनगरातल्या भाचीला

चाकूर

चि. लेकी,


खोली रिकामी करायची वेळ आली, भाड्याचा चेकही मिळाला, असं तुझ्या आईनं फोनवर सांगितलं. पुनर्विकासात मिळणारं ३०० चौरस फुटांचं पक्कं घर तुमचा हक्कच आहे. पावसाळ्यात तुमच्या खोलीत शिरणारं पाणी मी पाहिलंय. तरी सामान बांधायच्या आधी एक काम कर.

तुझी आजी, म्हणजे माझी थोरली मावशी, १९७२ च्या दुष्काळात इथून गेली. दुष्काळी मदतीतल्या मिलो अन् सुकडीवर दिवस काढले, खडी फोडली, शेवटी लेकरं घेऊन मुंबई गाठली. त्याच वर्षी तिथं दलित पँथर उभी राहिली, अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन. १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावानंतर इथं आपल्या वस्त्या जळाल्या, नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळेंना मारलं. तेव्हा आणखी माणसं गाव सोडून गेली. घाटकोपरचं रमाबाईनगर तुम्हांला कुणी वसवून दिलेलं नाही. भर टाकण्यापासून विहारापर्यंत तिथं आजीसारख्यांचे हात लागलेत.

अन् ११ जुलै १९९७. सकाळी वस्तीतल्या बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार दिसला, माणसं रस्त्यावर आली, राज्य राखीव पोलिसांनी गोळ्या झाडल्या. दहा जण गेले. त्याच्या निषेधात चार दिवसांनी शाहीर विलास घोगरेंनी जीव दिला. गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या मनोहर कदमला २००९ मध्ये जन्मठेप झाली, पण शिक्षा स्थगित होऊन तो जामिनावर सुटला. हे आठवलं की आजही माझा जीव जळतो.

आता पूर्व मुक्त मार्ग ठाण्याकडे वाढतोय आणि तुमची घरं त्याच्या वाटेत येतात. अमेरिकेतही असंच झालं. तिथं सेंट पॉल शहरात राँडो नावाची काळ्या लोकांची वस्ती होती. १९५६ ते १९६८ या काळात तिच्या मधोमध महामार्ग काढला. सहाशेहून अधिक घरं गेली. पांगलेल्या लोकांनी १९८३ पासून ‘राँडो डेज’ भरवायला सुरुवात केली. महापौरांची माफी आली २०१५ मध्ये, स्मृतिचौक झाला २०१८ मध्ये. आता महामार्गावर छत घालून ती जमीन परत जोडा, अशी मागणी चालू आहे. आपल्या वस्तीची आठवण जपायला एवढी वर्षं तुम्ही का थांबायचं?

म्हणून एक वही घे. कोणत्या खोलीत कोण, कोणत्या गावाहून, कधी आलं, ते लिही. म्हाताऱ्या बायांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड कर. भाडेकरू अन् अपात्र ठरलेले यांची नावं आधी घे, कारण सरकारी यादीत ती सापडणार नाहीत. हुतात्म्यांचं स्मारक, विहार, पुतळा नव्या नकाशात नेमके कुठं आहेत, हे सोसायटीच्या बैठकीत विचार आणि उत्तर लेखी माग. तोंडी शब्दावर कुणी निघू नका.

वहीची झेरॉक्स मला पाठव. इकडून गेलेल्या घरांची गावं अन् नाती मी इथल्या जुन्या माणसांना विचारून भरून देतो.

तुझा मामा